मँगनीज ऑक्साइडचा लेप वाळूवर टिकवायचा कसा: बोअरच्या पाण्यासाठी उत्प्रेरक वाळू

बोअरच्या पाण्यातलं मँगनीज काढायला लेप दिलेली वाळू पहिला आठवडा सुरेख चालते. नंतर एके दिवशी बॅकवॉशचं (फिल्टर खालून वर पाणी सोडून धुण्याचं) पाणी काळं येतं, पुढे नळालाही काळपट झाक येते, आणि मग "मँगनीज ऑक्साइडमध्ये काही दम नाही" असा निष्कर्ष निघतो. दोष ऑक्साइडचा नसतो. लेप घाईने, जाड आणि न धुता दिलेला असतो, किंवा वाळू बसवल्यावर तिला लागणारा क्लोरीन मिळालेला नसतो. हे दोन्ही कसं टाळायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक बिघाड तिथेच होतात.

कामाचं तत्त्व थोडक्यात. पाण्यात विरघळलेलं मँगनीज आधी ऑक्साइडच्या पृष्ठभागावर चिकटतं. पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे त्याचं ऑक्सिडीकरण करतो आणि तेच मँगनीज नवा पृष्ठभाग बनतं. म्हणजे लेप स्वतःला वाढवत जातो; यालाच इथे उत्प्रेरण म्हटलं आहे. त्यामुळे सुरुवातीचा थर जाड असण्याची गरज नाही, तो दाण्याला घट्ट धरलेला हवा.

१. आधी पाणी तपासा

जी वाळू एका बोअरवर वर्षानुवर्षं चालते, ती शेजारच्या बोअरवर महिनाभरही टिकेल असं नाही. भंडारा-नागपूरच्या मँगनीज पट्ट्यातलं पाणी वेगळं, कोकण-गोव्यातल्या जांभ्यातलं वेगळं. एवढ्या गोष्टी मोजल्याशिवाय रसायनांना हात लावू नका: पीएच, विरघळलेलं लोह, विरघळलेलं मँगनीज, अमोनिया आणि गंधकाचा वास.

नमुना घेताना हमखास एक चूक होते. बोअरमधून वर येईपर्यंत लोह विरघळलेलं असतं. हवा लागली की बाटलीतच त्याचा गंज होऊन तळाशी बसतो. म्हणून जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी गाळा आणि मग नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली न्या. आधी आम्ल घालून मग गाळलं, तर गाळातलं लोहही विरघळून हिशोबात येतं आणि आकडा फुगतो.

आकडे हातात आले की पुढचे निर्णय असे घ्या:

- लोह १ मि.ग्रॅ./लिटरपेक्षा जास्त असेल, तर आधी हवा मारून आणि निवळून ते काढा. नाहीतर तांबडा चिखल काळ्या लेपावर बसतो आणि लेप झाकला जातो.
- पीएच ६.५ पेक्षा कमी असेल, तर आधी चुनखडीच्या खड्यांच्या थरातून पाणी न्या. जांभ्यातलं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, तिथे ही पायरी सहसा चुकत नाही.
- अमोनिया असेल, तर तो क्लोरीन खातो. १ मि.ग्रॅ. अमोनिया-नायट्रोजनमागे (अमोनियातल्या नायट्रोजनच्या वजनामागे) ८ ते १० मि.ग्रॅ. क्लोरीन धरून ठेवा.

२. वाळू निवडा

फक्त क्वार्ट्झची (गारगोटीची) फिल्टर वाळू घ्या. १ मि.मी.च्या चाळणीतून खाली पडेल आणि ५०० मायक्रॉनच्या चाळणीवर राहील, एवढाच भाग वापरा. बारीक भुकटी राहिली, तर लेपाचं बरंचसं द्रव्य ती ओढून घेते आणि पहिल्याच बॅकवॉशला नाल्यात जाते.

बांधकामाची क्रश सँड चालणार नाही. आपल्याकडे ती बहुतेक काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची असते. त्यातून लोह सुटतं आणि दाण्यांच्या कडा झिजत राहतात. किनाऱ्यावरची वाळूही नको, कारण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो.

तपासणी: मूठभर वाळूवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. फसफसली तर ती वाळू बाद. नाही फसफसली, तरी १०० ग्रॅम वाळू त्याच आम्लात दिवसभर ठेवा, धुवा, वाळवा आणि पुन्हा वजन करा. ५ ग्रॅमपेक्षा जास्त घट दिसली, तर दुसरी वाळू शोधा.

३. वाळू धुवा, आणि खरंच धुवा

टिकाऊपणाचा निम्मा भाग या पायरीत ठरतो, आणि लोक नेमकी हीच उरकून टाकतात. दाण्यावर मातीचा किंवा गंजाचा पापुद्रा असेल, तर लेप त्या पापुद्र्याला चिकटतो. पापुद्रा सुटला की लेपही त्याच्याबरोबर जातो.

वाळू आधी साध्या पाण्यात हाताने चोळून, वरचं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग एक भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल दहा भाग पाण्यात घालून (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही) त्यात ती २४ तास बुडवून ठेवा. पिवळसर झालेलं आम्ल म्हणजे सुटलेलं लोह. पिवळेपणा फार असेल, तर नव्या आम्लात आणखी एकदा ठेवा. नंतर पुन्हा पुन्हा धुवा आणि १०५ अंशांवर वाळवा.

तपासणी: शेवटच्या धुणपाण्याचा पीएच धुण्यासाठी वापरलेल्या पाण्याएवढाच यायला हवा.

सावधान: आम्ल उरलं तर दुहेरी नुकसान होतं. क्वार्ट्झचा पृष्ठभाग मँगनीजला नीट धरत नाही. त्याहून गंभीर म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि परमँगनेट एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. परमँगनेटमध्ये हे आम्ल थेंबथेंब घालून वाळूसकट उकळण्याची एक पद्धत प्रयोगशाळांमध्ये वापरली जाते. फ्यूम हूड (विषारी वायू बाहेर ओढून टाकणारं बंदिस्त कपाट) नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

४. दोन द्रावणं तयार करा

१ किलो कोरड्या वाळूच्या एका लेपासाठी:

- पहिलं द्रावण: ६० मि.लि. ऊर्ध्वपातित पाण्यात २.५ ग्रॅम मँगनीज सल्फेट मोनोहायड्रेट.
- दुसरं द्रावण: ६० मि.लि. कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात १.७ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि ०.८ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड.

या प्रमाणांमागचा हिशोब समजून घ्या, म्हणजे वाळूचं वजन बदललं तरी अडायचं नाही. मँगनीज सल्फेटचे तीन रेणू आणि परमँगनेटचे दोन मिळून मँगनीज डायऑक्साइडचे पाच रेणू होतात. त्या हिशोबाने परमँगनेट १.५६ ग्रॅम पुरलं असतं. आपण मुद्दाम थोडं जास्त घेतो. परमँगनेट उरलं तर गुलाबी रंग दिसतो आणि धुऊन जातो. मँगनीज सल्फेट उरलं तर काहीच दिसत नाही, आणि तेच पुढे गाळलेल्या पाण्यात उतरतं. प्रक्रियेत सल्फ्युरिक आम्लही तयार होतं, ते मारण्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइड आहे. एवढ्या द्रव्यातून दर ग्रॅम वाळूवर जास्तीत जास्त १.३५ मि.ग्रॅ. मँगनीज बसू शकतं.

बाटलीवरचं लेबल वाचा. मोनोहायड्रेटऐवजी टेट्राहायड्रेट असेल, तर २.५ नव्हे, ३.३ ग्रॅम लागेल. आणि शेतीच्या दुकानात सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून मिळणारं मँगनीज सल्फेट पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नका. ते पिकासाठी बनवलेलं असतं. त्यातल्या शिसं-कॅडमियमची हमी कुणी दिलेली नसते. निदान प्रयोगशाळा दर्जाचंच घ्या.

सावधान: कोरडं परमँगनेट ग्लिसरीन, स्पिरिट, साखर किंवा लाकडाच्या भुशाजवळ ठेवू नका, आग लागते. तीव्र सल्फ्युरिक आम्लाशी त्याचा संपर्क स्फोटक असतो. हातमोजे आणि चष्मा घाला.

५. पातळ लेप, चार वेळा

भांडं स्टेनलेस स्टीलचं, काचेचं किंवा एनॅमलचं घ्या. ॲल्युमिनियमचं घमेलं नको, त्याला दुसऱ्या द्रावणातलं सोडियम हायड्रॉक्साइड खातं.

कोरड्या वाळूवर पहिलं द्रावण थोडं थोडं ओता आणि प्रत्येक दाणा ओला होईपर्यंत ढवळा. ६० मि.लि. एवढंच पाणी ठरवलं आहे ते मुद्दाम: वाळू ओली व्हावी, पण तळाशी पाणी साचू नये. साचलेल्या पाण्यात ऑक्साइड सुटं तयार होतं, त्याची काळी साय येते, आणि ती दाण्यावर नुसती बसलेली असते, धरलेली नसते. वीस मिनिटं तशीच ठेवा. मग ६० अंशांवर वाळू भुसभुशीत होईपर्यंत सुकवा. पूर्ण कोरडी करायची नाही.

आता दुसरं द्रावण ओतत ढवळा. जांभळा रंग डोळ्यांदेखत तपकिरी होतो आणि पुढे काळपट. पंधरा मिनिटं ढवळत राहा, मग तासभर झाकून ठेवा.

तपासणी: तासाभराने चमचाभर वाळू थोड्या पाण्यात हलवा. पाणी फिकट गुलाबी दिसलं तर प्रमाण बरोबर आहे. पाणी रंगहीन असेल, तर सल्फेट उरलेलं असण्याची शक्यता आहे, ०.१ ग्रॅम परमँगनेट थोड्या पाण्यात विरघळवून घाला आणि पुन्हा पाहा.

एकाच वेळी चौपट द्रव्य घालून काम संपवण्याचा मोह होतो. तसं केलेली वाळू दिसायला जास्त काळी असते आणि सगळ्यात आधी सोलते. चार पातळ लेपांमध्ये प्रत्येक थर सुकताना आकसतो, त्याला बारीक भेगा पडतात, आणि पुढचा थर त्या भेगा भरतो. जाड लेपाला पडणाऱ्या भेगा थेट दाण्यापर्यंत जातात.

६. वाळवणं आणि भाजणं

ट्रेमध्ये वाळूचा थर २ सें.मी.पेक्षा जाड नको. ६० अंशांवर, दर पंधरा-वीस मिनिटांनी उलटसुलट करत, ती सुटी होईपर्यंत वाळवा. न हलवता वाळवलं तर पाणी वर चढताना क्षार आणि ऑक्साइड वरच्या दाण्यांकडे ओढतं. वर काळे कुळकुळीत दाणे आणि खाली फिकट तपकिरी, अशी वाळू तयार होते. सुटी झाली की रात्रभर १०५ अंशांवर ठेवा आणि शेवटी दोन तास १५० अंशांवर. या उष्णतेने थरातलं पाणी निघून ऑक्साइड दाण्याला जवळून धरतं.

"जास्त तापवलं तर जास्त पक्कं" हा समज इथे नडतो. साधारण ५०० ते ५५० अंशांच्या पुढे मँगनीज डायऑक्साइडमधला ऑक्सिजन निघून त्याचं दुसरं ऑक्साइड होतं. ५७३ अंशांवर क्वार्ट्झ स्वतःच रूप बदलतो आणि एकदम फुगतो. त्या धक्क्याने लेप तडकतो. मफल फर्नेस (फार जास्त तापणारी प्रयोगशाळेतली भट्टी) हाताशी असली, तरी या कामासाठी साधा ओव्हनच बरा.

७. प्रत्येक लेपानंतर धुवा

धुणं चारही लेप झाल्यावर एकदाच नाही, प्रत्येक लेपानंतर. प्रक्रियेत पोटॅशियम आणि सोडियमचं सल्फेट तयार होतं. ते न धुता वर पुढचा लेप दिला, तर क्षाराचे कण थरांच्या मध्ये अडकतात. वाळू पाण्यात गेली की ते विरघळतात आणि वरचा थर पोकळ होऊन सुटतो. सोलणाऱ्या वाळूचं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे.

बादलीत पाणी घालून जोरात ढवळा, वरचं काळं पाणी ओतून टाका. न चिकटलेलं सगळं इथेच जाऊ द्या; त्याची हळहळ करू नका.

तपासणी: धुणपाणी स्वच्छ दिसतं, गुलाबी झाक नाही आणि विद्युतवाहकता धुण्यासाठी वापरलेल्या पाण्याएवढी आली, की १०५ अंशांवर वाळवून पुढचा लेप द्या.

काळं आणि गुलाबी धुणपाणी विहिरीत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका; परमँगनेट माशांना मारतं. ड्रममध्ये रंग जाईपर्यंत ठेवा आणि तळाचा गाळ वेगळा काढा.

८. टिकेल का? फिल्टरमध्ये भरण्याआधी तपासा

पहिल्या दिवशी किती टक्के मँगनीज गेलं, या आकड्यावर वाळूची निवड करू नका. नवा लेप मँगनीज नुसतं शोषूनही घेतो, त्यामुळे पहिला आकडा नेहमीच छान येतो. या तीन चाचण्या करा.

*लेप किती बसला.* १ ग्रॅम वाळू १०० मि.लि. द्रावणात ठेवा. द्रावण असं: १ लिटर ०.०१ मोलर नायट्रिक आम्लात ६.९५ ग्रॅम हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड. दाणे पांढरे होईपर्यंत हलवा, गाळा आणि गाळलेल्या द्रावणातलं मँगनीज मोजून घ्या. चार लेपांनंतर कागदावरची कमाल ५.४ मि.ग्रॅ. प्रति ग्रॅम आहे. ३ ते ४ मि.ग्रॅ. घट्ट बसलं असेल तर काम उत्तम झालं.

*घासून काय उरतं.* वाळू पारदर्शक नळीत भरा आणि खालून पाणी सोडून थर २५ टक्के फुगलेला ठेवा. असं सलग ८ तास चालवा. दर दोन दिवसांनी १० मिनिटं बॅकवॉश धरला, तर ही साधारण तीन महिन्यांची झीज होते. चाचणीआधी आणि नंतर वरच्या पद्धतीने मँगनीज मोजा. वाळूच्या वजनावर जाऊ नका, कारण वाळू स्वतःही झिजते. १० टक्क्यांपेक्षा जास्त मँगनीज गेलं असेल, तर आम्ही ती वाळू वापरणार नाही.

*पाण्यात काय सुटतं.* २० ग्रॅम वाळू २०० मि.लि. पाण्यात, एकदा पीएच ६ ला आणि एकदा ७.५ ला, क्लोरीन न घालता २४ तास ठेवा. मग गाळलेल्या आणि न गाळलेल्या, दोन्ही पाण्यातलं मँगनीज मोजा. हा फरक फार बोलका असतो. गाळलेल्या पाण्यातही मँगनीज असेल, तर ते विरघळून सुटतंय: सल्फेट उरलंय किंवा पीएच कमी आहे. फक्त न गाळलेल्या पाण्यात असेल, तर लेप कणाकणाने सोलतोय: धुण्यात किंवा वाळवण्यात चूक आहे. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, म्हणून नुसता एकूण आकडा घेऊन निर्णय करू नका.

दाण्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकून बुडबुडे पाहण्याची युक्ती चांगली आहे, पण ती ऑक्साइड आहे एवढंच सांगते. ते किती घट्ट आहे हे सांगत नाही. तपासलेले दाणे परत मिसळू नका.

९. छोट्या नळीत दोन आठवडे

५० मि.मी. आतील व्यासाची पारदर्शक नळी, त्यात ६० सें.मी. वाळू; सुमारे १.८ किलो लागते. पाणी वरून खाली, मिनिटाला १९५ मि.लि. सोडा. हा वेग ताशी ६ मीटर होतो आणि पाण्याला थरात (रिकाम्या नळीच्या हिशोबाने) ६ मिनिटं मिळतात. शेजारी तशीच दुसरी नळी लेप नसलेल्या वाळूची लावा आणि दोन्हींना तेच पाणी, तोच क्लोरीन द्या. ही दुसरी नळी नसेल, तर काम लेपाने केलं की नुसत्या क्लोरीनने, हे कळायला मार्ग उरत नाही.

क्लोरीनचा हिशोब: १ मि.ग्रॅ. लोहामागे ०.६४ आणि १ मि.ग्रॅ. मँगनीजमागे १.२९ मि.ग्रॅ. समजा लोह ०.५ आणि मँगनीज ०.८ मि.ग्रॅ./लिटर आहे. ०.३२ आणि १.०३ मिळून १.३५, वर थराबाहेर ०.५ शिल्लक दिसायला हवा, म्हणून १.८५. म्हणजे ३० टक्के क्लोरीन असलेली ब्लिचिंग पावडर १,००० लिटरला सुमारे ६ ग्रॅम. अमोनियाचा वाटा वेगळा धरा. उघड्या पिशवीतली जुनी पावडर ३० टक्के राहिलेली नसते, तेव्हा शिल्लक क्लोरीन रोज मोजा.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात मँगनीज ०.१ मि.ग्रॅ./लिटरपर्यंत स्वीकार्य आहे. दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालतं. दोन आठवडे सतत ०.१ च्या खाली राहिलं, तरच मोठ्या टाकीसाठी वाळू बनवा. आकडा पाचव्या-सहाव्या दिवसापासून चढू लागला, तर लेप शोषण करत होता, उत्प्रेरण नाही. बहुधा क्लोरीन थरापर्यंत पोहोचत नाही.

१०. बसवल्यानंतर लेप मरतो तो असा

क्रम ठेवा: हवा, निवळणं, क्लोरीन, लेपाची वाळू, आणि गरजच वाटली तर कार्बन फिल्टर सगळ्यात शेवटी. कार्बन फिल्टर आधी लावला तर तो क्लोरीन संपवून टाकतो आणि वाळू उपाशी राहते.

क्लोरीनचा पंप बंद पडला तर पाणीही बंद करा. क्लोरीनशिवाय पाणी चालू राहिलं तर लेप काही काळ मँगनीज घेतो, मग भरतो. फिल्टर पाण्याने भरलेला, बंद, दिवसेंदिवस पडून राहिला की आतला ऑक्सिजन संपतो आणि लेपातलं मँगनीज परत विरघळतं. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी काळं पाणी येण्याचं कारण हेच. लांब बंद ठेवायचं असेल, तर जास्त क्लोरीनचं पाणी भरून ठेवा आणि सुरू करताना पहिलं पाणी फेकून द्या.

"हायपो" या शब्दाकडे विशेष लक्ष द्या. पाणीपुरवठ्यातले लोक सोडियम हायपोक्लोराइटला हायपो म्हणतात. फोटोच्या आणि मत्स्यालयाच्या दुकानात हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जे क्लोरीन मारतं. ते चुकून डोसिंगच्या (पाण्यात क्लोरीन सोडण्याच्या) टाकीत गेलं, तर लेपाचं पोषणच तुटतं. मागणी लिहिताना पूर्ण नाव लिहा.

फिल्टर साफ करायला सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल, लिंबाचं पाणी, सोडियम बायसल्फाइट यातलं काही वापरू नका. यांनी लेप विरघळतो. तांबडा चिखल चढला असेल, तर बॅकवॉश थोडा लांबवा. थर डोळ्यांना २० ते २५ टक्के फुगलेला दिसेल एवढाच जोर द्या. पाणी सोडता सोडता हवेचा जोरदार मारा केला की दाणे एकमेकांवर आपटतात आणि वर्षभराची वाढ अर्ध्या तासात निघून जाते.

दर तीन महिन्यांनी थराच्या वरून, मधून आणि खालून एकेक चमचा वाळू काढून आठव्या पायरीतली पहिली चाचणी करा आणि आकडे वहीत लिहा. वरच्या वाळूवर मँगनीज वाढत असेल आणि खालची जवळपास तशीच असेल, तर फिल्टर नीट चालला आहे. तिन्हीकडे घटत असेल, तर नवा लेप देण्याआधी क्लोरीन, पीएच आणि बॅकवॉशचा वेग याच क्रमाने तपासा.